शेअरचे जुने भाव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या भावांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. शब्द वेगवेगळे असले तरी निम्म्याहून जास्त प्रश्नांच्या मुळाशी एकच गोंधळ असतो: एकाच कंपनीचा, एकाच तारखेचा भाव दोन ठिकाणी दोन दिसतो आणि दोन्ही बरोबर असतात. त्यामुळे वेळ कमी असेल तर प्रश्न ४ ते ७ आधी वाचा. बाकीचे प्रश्न लागतील तसे वाचले तरी चालतील.

१. जुन्या भावांच्या फाइलमध्ये नेमकं काय काय असतं?

साधारणपणे एका दिवसाची एक ओळ असते. त्यात तारीख, दिवसाचा पहिला भाव, दिवसातला सर्वांत वरचा, सर्वांत खालचा, बंद भाव आणि किती शेअरची उलाढाल झाली तो आकडा असतो. बऱ्याच ठिकाणी शेवटी आणखी एक रकाना असतो, अ‍ॅडजस्टेड क्लोज, म्हणजे समायोजित बंद भाव. खरी भानगड या रकान्यात आहे; समायोजन म्हणजे काय ते प्रश्न ४ मध्ये आहे.

फाइल हातात आली की एक छोटी तपासणी करून घ्या. वरचा भाव हा त्या ओळीतल्या चारही भावांत सर्वांत मोठा आणि खालचा सर्वांत लहान असायलाच हवा. एखाद्या ओळीत बंद भाव वरच्या भावापेक्षाही जास्त दिसला, तर ती ओळ बिघडलेली आहे किंवा तिथले रकाने वेगवेगळ्या पद्धतीने समायोजित केले आहेत.

२. बंद भाव म्हणजे दिवसाचा शेवटचा सौदा ना?

प्रत्येक बाजारात तसं नसतं. काही बाजारांत दिवसाच्या शेवटी छोटा लिलाव होतो आणि जास्तीत जास्त खरेदी-विक्री ज्या भावाला जुळते तो बंद भाव ठरतो. काही बाजार शेवटच्या काही मिनिटांतल्या सौद्यांची भारित सरासरी (मोठ्या सौद्याला जास्त वजन) घेतात. कारण सरळ आहे. शेवटच्या सेकंदाला कुणी दहा शेअर भलत्याच भावाला घेतले म्हणून अख्ख्या कंपनीचं त्या दिवशीचं मोल त्यावर ठरू नये.

याचा परिणाम असा, की शेवटच्या मिनिटाला स्क्रीनवर तुम्ही पाहिलेला भाव आणि नंतर नोंदलेला बंद भाव यांत थोडा फरक पडू शकतो. शिवाय एकच शेअर दोन बाजारांत नोंदलेला असेल, तर प्रत्येक बाजाराचा बंद भाव स्वतंत्र असतो.

३. जुने भाव कुठून घ्यावेत?

पुरावा म्हणून हवे असतील तर थेट शेअर बाजाराच्या संकेतस्थळावरून घ्या. अभ्यासासाठी हवे असतील तर याहू फायनान्ससारखी साइट किंवा गूगल शीट्समधलं गूगलफायनान्स हे सूत्र पुरतं. त्या सूत्राची एक खोड लक्षात ठेवा. ते तारखेसोबत बाजार बंद होण्याची वेळही देतं, त्यामुळे नुसती तारीख घालून शोधायला गेलं की जुळत नाही. आधी तारखेतला वेळेचा भाग काढून टाका.

स्रोत कुठलाही असो, तिथले भाव कशाकशासाठी समायोजित केलेले आहेत हे वाचल्याशिवाय एकही बेरीज-वजाबाकी करू नका.

४. एकाच तारखेचा भाव दोन साइटवर वेगळा का दिसतो? खरा कुठला?

त्या दिवशी बाजारात सौदे ज्या भावाला झाले, तो मूळ भाव. तो कधी बदलत नाही. पण नंतर कंपनीने शेअरचे तुकडे केले (स्प्लिट), बोनस म्हणून फुकट नवे शेअर दिले किंवा लाभांश वाटला, तर मूळ भावांची रांग मध्येच तुटते. आज १,००० असलेला शेअर उद्या ५०० दिसतो, आणि गुंतवणूकदाराचा मात्र एक पैसाही बुडालेला नसतो. ही तुटलेली रांग सांधण्यासाठी आधीचे सगळे भाव एका गुणकाने गुणतात. तेच समायोजन.

म्हणजे एका तारखेचे प्रत्यक्षात तीन भाव असू शकतात: मूळ भाव, फक्त स्प्लिट-बोनससाठी समायोजित भाव, आणि स्प्लिट-बोनस व लाभांश या सगळ्यांसाठी समायोजित भाव. याहू फायनान्सवर बहुतेकांची गल्लत होते ती इथेच. तिथे नुसतं ‘क्लोज’ लिहिलेला रकाना मूळ भावाचा वाटतो, पण तो स्प्लिटसाठी आधीच समायोजित केलेला असतो. ‘अ‍ॅडजस्टेड क्लोज’मध्ये त्यावर लाभांशही धरलेला असतो. खराखुरा मूळ भाव त्या तक्त्यात नसतोच.

कुठला भाव कधी वापरायचा ते प्रश्न ७ मध्ये आहे.

५. स्प्लिट किंवा बोनस झाला की जुने भाव कसे बदलतात?

ॲपलचं उदाहरण घेऊ. ३१ ऑगस्ट २०२० रोजी ॲपलच्या एका शेअरचे चार झाले. त्याआधीच्या शेवटच्या दिवशी, २८ ऑगस्टला, शेअर ४९९.२३ डॉलरला बंद झाला होता. चाराने भागून समायोजित भाव येतो १२४.८१. ३१ तारखेचा बंद भाव होता १२९.०४. मूळ भाव लावून पाहिले तर शेअर एका दिवसात ७४ टक्के कोसळला असं दिसेल. समायोजित भाव सांगतो की तो ३ टक्क्यांहून जास्त वाढला.

आता मागे जाऊ. ॲपलने १९८७, २००० आणि २००५ मध्ये एकाचे दोन केले, २०१४ मध्ये एकाचे सात आणि २०२० मध्ये एकाचे चार. गुणाकार केला तर १९८० मधल्या एका शेअरचे २२४ होतात. कंपनी डिसेंबर १९८० मध्ये २२ डॉलर दराने बाजारात आली होती. २२ भागिले २२४ म्हणजे साधारण १० सेंट. ‘तेव्हा ॲपलचा शेअर दहा सेंटला मिळायचा’ असं जे ठोकून दिलं जातं, त्याचं मूळ हे आहे. दहा सेंटला तो कुणालाच कधी मिळाला नाही.

स्प्लिटबरोबर उलाढालीचा आकडाही उलट दिशेने समायोजित व्हायला हवा. भाव चाराने भागला तर शेअरसंख्या चाराने गुणायची, म्हणजे पैशातली उलाढाल तेवढीच राहते. काही फाइलींमध्ये भाव समायोजित आणि उलाढाल जुनीच असते. अशा फाइलीवरून ‘स्प्लिटनंतर उलाढाल चौपट झाली’ असा निष्कर्ष काढणारे लेखही वाचायला मिळतात!

बोनसचं गणित तेच, फक्त मांडणी वेगळी. स्प्लिटमध्ये ‘एकाचे दोन’ म्हणजे एकूण दोन शेअर. बोनसमध्ये ‘एकाला दोन’ म्हणजे हातातला एक आणि नवे दोन, एकूण तीन. म्हणून एकाला एक बोनस आणि एकाचे दोन स्प्लिट यांचा भावावरचा परिणाम सारखाच. गुणोत्तर वाचताना घाई झाली की गुणक चुकतो, आणि पुढचं सगळंच चुकतं.

६. लाभांशासाठी भाव का बदलायचे? लाभांश तर वेगळा खात्यात येतो.

लाभांश दिला की तेवढी रोकड कंपनीतून बाहेर जाते. म्हणून ज्या दिवसापासून नव्या खरेदीदाराला तो लाभांश मिळत नाही, त्या एक्स-डेटला भाव साधारण तेवढ्याने खाली उघडतो. बाजाराचा इतर चढउतार त्यात मिसळलेला असतो, त्यामुळे घसरण अगदी तंतोतंत तेवढीच दिसेल असं नाही. गुंतवणूकदाराच्या दृष्टीने पाहिलं तर पैसे एका खिशातून दुसऱ्यात गेले. नुसत्या भावाच्या तक्त्यात मात्र ते नुकसान म्हणून दिसतं.

सर्वसाधारण पद्धत अशी आहे. एक्स-डेटच्या आदल्या दिवशीच्या बंद भावाने लाभांशाला भागायचं, येणारा आकडा एकातून वजा करायचा, आणि जो गुणक मिळेल त्याने आधीचे सगळे भाव गुणायचे.

आकडे घालून पाहू. आदल्या दिवशीचा बंद भाव २००, लाभांश ५. गुणक झाला १ वजा ०.०२५, म्हणजे ०.९७५. त्याच्या आदल्या वर्षी बंद भाव १५० असताना ३ लाभांश दिला होता, त्याचा गुणक ०.९८. या दोन्ही लाभांशांच्या आधी एके दिवशी शेअर १४० ला बंद झाला असेल, तर दोन्ही गुणक लागून त्याचा समायोजित भाव १४० गुणिले ०.९७५ गुणिले ०.९८, म्हणजे १३३.७७ होईल. मधल्या काळातल्या, म्हणजे फक्त एकाच लाभांशाआधीच्या भावांना ०.९७५ एवढाच गुणक लागेल. जितकं मागे जाल तितके गुणक साठत जातात. त्यामुळे भरघोस लाभांश देणाऱ्या जुन्या कंपनीचे तीस वर्षांपूर्वीचे समायोजित भाव मूळ भावाच्या निम्म्याहूनही कमी दिसू शकतात.

पुढचा बारकावाही बघा. समजा एक्स-डेटला शेअर १९६ ला बंद झाला. हाताने हिशेब केला तर १९६ अधिक ५ म्हणजे २०१, आदल्या दिवशीच्या २०० वर ०.५० टक्के वाढ. समायोजित भावाने १९६ भागिले १९५, म्हणजे ०.५१ टक्के. हा कणभर फरक चूक नाही. समायोजित भाव असं गृहीत धरतो की मिळालेला लाभांश लगेच त्याच शेअरमध्ये पुन्हा गुंतवला. तुम्ही तो खर्च केला असेल, तर तुमचा खरा परतावा समायोजित भावापेक्षा वेगळा निघणार. करही या गणितात धरलेला नसतो.

७. मग मी कुठला भाव वापरू?

काम काय आहे त्यावर ठरतं.

त्या दिवशी मी काय भावाने घेतला, कराचा हिशेब, वारसाहक्क, वाद, जुन्या बातमीची शहानिशा: मूळ भाव.

पैसे किती वाढले, दोन कंपन्यांची तुलना: लाभांशासह समायोजित भाव. एक कंपनी दरवर्षी ४ टक्के लाभांश देते आणि दुसरी काहीच देत नाही. नुसत्या भावाने तुलना केली तर पहिलीवर दरवर्षी ४ टक्क्यांचा अन्याय होतो, आणि वीस वर्षांत तो डोंगराएवढा होतो.

तक्त्यावर पातळ्या पाहणं, ५२ आठवड्यांचा उच्चांक तपासणं: फक्त स्प्लिट-बोनससाठी समायोजित भाव. बाजारातल्या लोकांच्या डोक्यात ज्या पातळ्या असतात, त्या लाभांश धरून बदललेल्या नसतात.

बाजारमूल्य काढताना मात्र दोन्ही बाजू एकाच पद्धतीच्या हव्यात. तेव्हाचा मूळ भाव घेतला तर तेव्हाचीच शेअरसंख्या घ्यायची. समायोजित भावाला जुन्या शेअरसंख्येने गुणलेली बाजारमूल्यं बऱ्याच ठिकाणी छापलेली असतात आणि ती साफ चुकीची असतात.

८. सहा महिन्यांपूर्वी उतरवलेली फाइल आजच्या फाइलशी जुळत नाही. माझी फाइल खराब झाली का?

नाही. मध्ये एखादा लाभांश किंवा स्प्लिट झाला असेल. प्रत्येक नव्या घटनेनंतर आधीचे सगळे समायोजित भाव पुन्हा मोजले जातात, म्हणून समायोजित फाइल कायमची नसते. तिच्यावर फाइल कुठल्या दिवशी उतरवली ती तारीख लिहून ठेवायला हवी.

यातला धोका म्हणजे जुन्या फाइलीला नव्या ओळी खाली चिकटवत जाणं. जोड जिथे पडतो तिथे एक खोटी उडी किंवा घसरण तयार होते आणि ती पुढे प्रत्येक गणितात शिरते. एकतर दरवेळी सगळी फाइल नव्याने उतरवा, किंवा मूळ भाव आणि घटनांची यादी वेगळी ठेवून समायोजन स्वतः करा. दुसरा मार्ग कष्टाचा आहे, पण काम गंभीर असेल तर तोच धरा.

९. दोन तारखांच्या भावांवरून वार्षिक परतावा कसा काढायचा?

शेवटचा भाव भागिले पहिला भाव, त्याचं वर्षांच्या संख्येइतकं मूळ, वजा एक. १०० चे ८ वर्षांत २५० झाले तर २.५ चं आठवं मूळ १.१२१, म्हणजे वर्षाला सुमारे १२.१ टक्के चक्रवाढ. १५० टक्के भागिले ८ करून १८.७५ टक्के सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

दरवर्षीच्या टक्क्यांची साधी सरासरीही फसवते. एका वर्षी ५० टक्के वाढ, पुढच्या वर्षी ५० टक्के घट: सरासरी शून्य, पण १०० चे झाले ७५.

आणि सुरुवातीची तारीख कोण निवडतंय ते पाहा. जपानचा निक्केई निर्देशांक २९ डिसेंबर १९८९ ला ३८,९१५ वर बंद झाला आणि ती पातळी ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं. १९८९ पासून मोजलं तर भावात चौतीस वर्षं शून्य वाढ. मार्च २००९ मध्ये तोच निर्देशांक ७,०५५ च्या आसपास होता. तिथून मोजलं तर पंधरा वर्षांत साडेपाचपट. दोन्ही आकडे खरे आहेत. म्हणून एकाच जोडीऐवजी दरवर्षीची एकच तारीख घेऊन पाच-पाच किंवा दहा-दहा वर्षांचे सगळे तुकडे मोजा. एकच आकडा मिळणार नाही, पण काय काय घडू शकतं त्याचा आवाका कळेल.

१०. तक्ता (आलेख) साधा काढू की लॉगवर, म्हणजे लॉगॅरिदमिक मोजपट्टीवर?

एखाद्या वर्षाचा असेल तर कसाही. दहा वर्षांहून लांब असेल तर लॉगवरच. साध्या तक्त्यात १० वरून २० होणं ही दिसेल न दिसेल अशी रेघ असते आणि ५०० वरून ५१० होणं तेवढीच, खरं तर पहिलीत पैसे दुप्पट झाले आणि दुसरीत २ टक्के वाढले. लॉग तक्त्यात सारख्या टक्क्यांना सारखी उंची मिळते. ‘अलीकडेच हा शेअर वेड्यासारखा वाढलाय’ असं वाटायला लावणारे बहुतेक तक्ते साधे असतात.

११. ५२ आठवड्यांचा उच्चांक बंद भावावरून धरतात की दिवसातल्या वरच्या भावावरून?

दोन्ही प्रकार चालतात. तुलना करताना दोन्हीकडे एकच घ्या.

१२. मधल्याच काही तारखा गायब आहेत. भाव कुठून भरू?

भरू नका. आधी बाजार उघडा होता का ते पाहा. न्यूयॉर्कचा शेअर बाजार ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर १७ तारखेला उघडला. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळामुळे दोन दिवस बंद होता. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा, १९१४ मध्ये, तो चार महिन्यांहून जास्त बंद होता. उलट १९५२ पर्यंत तिथे शनिवारीही व्यवहार व्हायचे, त्यामुळे त्याआधीच्या फाइलीत शनिवार दिसला तर तो चूक समजून पुसू नका.

बाजार उघडा असून एकाच कंपनीची तारीख गायब असेल, तर त्या शेअरमधले व्यवहार थांबवलेले असू शकतात किंवा त्या दिवशी एकही सौदा झाला नसेल. अशा वेळी काही साइट जुनाच भाव पुन्हा छापतात. ओळखायची खूण म्हणजे चारही भाव सारखे आणि उलाढाल शून्य. हा भाव कुणी दिलेला नाही आणि कुणी घेतलेला नाही. चढउतार मोजताना अशा ओळी ठेवल्या तर शेअर उगाचच शांत स्वभावाचा वाटतो.

१३. जुन्या अमेरिकी भावांत .१२५, .०६२५ असले विचित्र अपूर्णांक का येतात?

कारण तिथे भाव डॉलरच्या अष्टमांशात सांगायची पद्धत होती. १९९७ मध्ये ती षोडशांशावर आली आणि २००१ मध्ये सेंटवर. त्यामुळे अष्टमांशाच्या काळातला सर्वांत छोटा बदलसुद्धा साडेबारा सेंटांचा असायचा. ५ डॉलरच्या शेअरमध्ये हे अडीच टक्के होतात. त्या काळातल्या दिवसागणिक चढउताराची आजच्याशी तुलना करताना हे विसरू नका.

१४. एका दिवसात भाव निम्मा झालेला दिसतो, पण बातमी काहीच नाही. हे खरं की आकड्यांची चूक?

पहिला संशय स्प्लिट-बोनसचा (प्रश्न ५). ते नसेल तर कंपनीचं विभाजन झालं का ते पाहा. जुलै २०१५ मध्ये ईबेमधून पेपॅल वेगळी झाली. ईबेचा शेअर ६६ डॉलरच्या आसपास बंद झाला आणि पुढच्या कामकाजाच्या दिवशी २८ च्या आसपास उघडला. ज्याच्याकडे ईबेचा एक शेअर होता, त्याला पेपॅलचा एक मिळाला होता. घसरलेला भाव त्या दुसऱ्या शेअरमध्ये होता. विभाजनाचं समायोजन प्रत्येक स्रोत आपापल्या पद्धतीने करतो, काही करतच नाहीत. म्हणून विभाजन झालेल्या कंपनीचे आकडे दोन स्रोतांतून पडताळल्याशिवाय वापरू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

मोठा विशेष लाभांश हे आणखी एक कारण. मायक्रोसॉफ्टने २००४ मध्ये शेअरमागे ३ डॉलरचा विशेष लाभांश दिला. नोव्हेंबरमधल्या एक्स-डेटच्या आधी भाव सुमारे ३० डॉलर होता. एक्स-डेटला तो २७ च्या घरात आला. तक्त्यात ही दहा टक्क्यांजवळची पडझड दिसते, खात्यात दिसत नाही.

आणि कधी कधी चूक खरंच चूक असते. ३ जून २०२४ रोजी न्यूयॉर्कच्या बाजारात तांत्रिक बिघाडामुळे बर्कशायर हॅथवेचा ‘ए’ वर्गाचा शेअर १८५.१० डॉलर दाखवत होता, म्हणजे ९९.९७ टक्के घसरण. प्रत्यक्षात त्याचा भाव सहा लाख डॉलरच्या वर होता. चुकीच्या भावाला झालेले सौदे बाजाराने नंतर रद्द केले. असा रद्द झालेला भाव एखाद्या साइटच्या ‘दिवसातला खालचा भाव’ या रकान्यात मात्र राहून जाऊ शकतो. बंद भाव बहुधा ठीक असतो; वरच्या-खालच्या भावांकडे जास्त संशयाने पाहा.

१५. या बँकेचा शेअर कधी ५५० डॉलर होता का? मला तर ५५ आठवतोय.

सिटीग्रुपबद्दल हा प्रश्न वरचेवर येतो. तुम्हाला आठवतंय ते बरोबर आहे. २००६ च्या अखेरीस तो ५५ डॉलरच्या आसपास होता. २००८ च्या आर्थिक संकटात भाव अगदी तळाला गेला आणि मे २०११ मध्ये बँकेने दहा शेअरचा एक केला. हा उलटा स्प्लिट. त्यामुळे आधीचे सगळे भाव दहाने गुणले जातात आणि ५५ चे ५५० दिसतात. जनरल इलेक्ट्रिकनेही २०२१ मध्ये आठाचा एक केला होता.

तक्त्याच्या डाव्या टोकाला अवाढव्य भाव आणि उजवीकडे लहान दिसले, तर बहुतेक वेळा मध्ये उलटा स्प्लिट असतो. वारंवार उलटे स्प्लिट केलेल्या छोट्या कंपन्यांचे जुने भाव हजारोंत, कधी लाखांत दिसतात.

१६. कंपनीचं नाव किंवा चिन्ह (टिकर, म्हणजे बाजारातलं तिचं संक्षिप्त नाव) बदललं असेल तर जुने भाव कुणाचे दिसतात?

इथे सावध राहावं लागतं. आजच्या एटी अँड टी कंपनीचे १९९० च्या दशकातले भाव काढलेत, तर ते बहुतेक ठिकाणी एसबीसी या कंपनीचे असतात. २००५ मध्ये एसबीसीने जुनी एटी अँड टी विकत घेतली आणि तिचं नाव व ‘टी’ हे चिन्ह स्वतःला लावलं. जुन्या एटी अँड टीचा इतिहास वेगळाच शोधावा लागतो.

जनरल मोटर्स २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली. आजचा शेअर नोव्हेंबर २०१० मध्ये नव्याने नोंदलेल्या कंपनीचा आहे, म्हणून तिचे भाव तिथूनच सुरू होतात. जुन्या भागधारकांच्या हाती काही उरलं नाही, आणि नव्या तक्त्यात त्याची खूणही नाही.

फेसबुकचं चिन्ह जून २०२२ मध्ये ‘मेटा’ झालं. त्या वर्षाच्या सुरुवातीपर्यंत तेच चिन्ह एका फंडाकडे होतं. नुसत्या चिन्हावर जुनी फाइल शोधली तर भलत्याचेच भाव हाती येतात.

१७. हक्कभाग (राइट्स इश्यू, म्हणजे असलेल्या भागधारकांना ठरलेल्या भावाला नवे शेअर घेण्याचा हक्क) आला तर भाव समायोजित होतो का?

हो, पण स्प्लिटसारखा सरळ नाही, कारण भागधारकाला पैसे मोजावे लागतात. समजा भाव १०० आहे आणि चार शेअरमागे एक नवा शेअर ८० ला मिळतोय. चार शेअरचे ४०० अधिक ८० म्हणजे ४८०, भागिले पाच, ९६. गुणक ०.९६. हक्कभाग बाजारभावाला किंवा त्याहून महाग दिला असेल, तर समायोजनाची गरजच नाही. बरेच फुकट स्रोत हक्कभाग सोडून देतात, म्हणून जुन्या कंपन्यांसाठी हे स्वतः तपासा.

१८. तीच कंपनी परदेशी बाजारातही आहे, पण तिथला भाव रूपांतर करूनही जुळत नाही.

दोन गोष्टी पाहा. परदेशातली पावती (शेअरच्या बदल्यात तिथल्या बाजारात विकली जाणारी डिपॉझिटरी रिसीट) एका शेअरची आहे, अनेक शेअरची की अर्ध्या शेअरची? हे गुणोत्तर मधल्या काळात बदललेलंही असू शकतं. दुसरं, विनिमय दर त्याच दिवशीचा हवा. आजच्या दराने दहा वर्षांपूर्वीचा भाव बदलून घेण्यात अर्थ नाही. बाजार बंद होण्याच्या वेळाही वेगळ्या असतात, त्यामुळे थोडा फरक राहतोच.

१९. समायोजित भावात महागाई धरलेली असते का?

नाही, आणि हे गृहीत धरणारे बरेच आहेत. डाऊ जोन्स निर्देशांक फेब्रुवारी १९६६ मध्ये ९९५ वर बंद झाला होता आणि ऑगस्ट १९८२ मध्ये ७७७ वर होता. कागदावर घट बावीस टक्के. पण त्या सोळा वर्षांत अमेरिकेतल्या वस्तूंच्या किमती जवळपास तिप्पट झाल्या. खरेदीशक्तीच्या हिशेबाने भाव पाव हिश्श्याच्या आसपास उरला. अर्थात लाभांश वेगळे मिळत होते. लांबचा काळ पाहताना भावाला त्या त्या वर्षीच्या ग्राहक किंमत निर्देशांकाने भागून दुसरी रेघ काढा.

२०. जुन्या भावांवर माझा खरेदी-विक्रीचा नियम तपासला, भरपूर नफा दिसतोय. सुरू करू का?

आधी दोन गोष्टी तपासा. पहिली, कंपन्यांची यादी कधीची आहे? आज बाजारात असलेल्या कंपन्यांची यादी घेऊन वीस वर्षं मागे गेलात, तर बुडालेल्या सगळ्या आपोआप गळल्या. एन्रॉन २००० मध्ये ९० डॉलरच्या घरात होती आणि डिसेंबर २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. लेहमन ब्रदर्स सप्टेंबर २००८ मध्ये गेली. तुमच्या यादीत त्या नसतील तर ‘पडलेला शेअर घ्या, तो वर येतोच’ हा नियम हटकून जिंकणार. जे वर आले नाहीत ते मोजलेच नाहीत.

दुसरी गोष्ट जास्त छुपी आहे. समायोजित भावात भविष्य दडलेलं असतं. समजा नियम आहे, ‘एक डॉलरच्या खालचे शेअर घ्या’. समायोजित फाइलीत २००३ च्या सुरुवातीचा ॲपल पंचवीस-तीस सेंटला दिसतो आणि तुमच्या नियमात बसतो. प्रत्यक्षात त्या दिवशी तो १५ डॉलरच्या आसपास होता. जे शेअर नंतर खूप वाढले त्यांचेच तुकडे झाले, आणि तुकडे झाले म्हणूनच त्यांचे जुने भाव इतके बारीक दिसतात. म्हणजे नियमाने नकळत पुढे जिंकणारे निवडले. भावाच्या पातळीवर आधारलेली कुठलीही अट मूळ भावावर तपासा, आणि परतावा मात्र समायोजित भावाने मोजा.

दलाली, कर आणि हवा त्या भावाला शेअर न मिळणं, हे वजा करायचं अजून बाकीच आहे.

२१. जुन्या भावांवरून पुढचा भाव सांगता येतो का?

दिशा सांगणं फार अवघड. शेअर किती उसळतो-पडतो, हे मात्र त्या मानाने सांगता येतं: मोठ्या हालचालींपाठोपाठ मोठ्या हालचाली येतात आणि शांत दिवसांमागे शांत दिवस. त्यामुळे माझ्या मते जुन्या भावांचा सर्वांत प्रामाणिक उपयोग म्हणजे हा शेअर सर्वांत जास्त किती पडला होता आणि वर यायला किती वर्षं लागली, हे काढून आपल्याला ते सोसेल का ते पाहणं. डाऊ जोन्स सप्टेंबर १९२९ मध्ये ३८१ वर होता, जुलै १९३२ मध्ये ४१ वर आला आणि पुन्हा ३८१ ओलांडायला नोव्हेंबर १९५४ लागला.

२२. समायोजित भाव शून्याच्या खाली गेलेला दिसतो. हे कसं शक्य आहे?

काही स्रोत प्रश्न ६ मधला गुणक वापरत नाहीत, लाभांशाची रक्कम जुन्या भावातून सरळ वजा करतात. ज्या शेअरवर मिळालेल्या लाभांशांची बेरीज जुन्या भावाहून मोठी झाली, त्याचा भाव मग उणे दिसतो. गुणकाच्या पद्धतीत असं होत नाही. वजाबाकीच्या फाइलीवरून टक्केवारी काढू नका. स्रोत बदला, किंवा तिथूनच मूळ भाव आणि लाभांशांच्या तारखा घेऊन गुणक स्वतः लावा.